कुंकू लावायचा खेळ

मैनाला सातवं वर्ष लागणार होतं आणि तिला वाढदिवस हवा होता. नारपोलीच्या त्या चाळीत तोवर कुणाचा वाढदिवस म्हणून झालेला नव्हता. पोर जन्मलं की बारसं व्हायचं, मग एकदम लग्नच. पण मैना शाळेतल्या एका मैत्रिणीच्या, डॉक्टरांच्या मुलीच्या, वाढदिवसाला जाऊन आली होती. तिथे भिंतीवर कागदाचं गाढव चिकटवलेलं होतं आणि डोळे बांधून त्याला शेपूट लावायचं होतं. घरी आल्यापासून पोरीला दुसरं काही सुचत नव्हतं.

"आई, केक नको. पण मला गाढव पायजेल."

चंद्रानं पाटीवर गाढव काढून पाहिलं. सासू, राहीबाई, तांदूळ निवडता निवडता डोकावून म्हणाली, "बकरी काढलीस का गो?" मैना रडकुंडीला आली. चंद्रानं पाटी पुसली. मग तिला एक युक्ती सुचली. माहेरी शेलारला असताना दर भादव्यात गौरीचं तोंड तीच काढायची. गाढव नाही जमलं तर बाई तर जमेल. बाईचं कपाळ मोकळं ठेवायचं आणि डोळे बांधून पोरांनी तिला कुंकू लावायचं. कुणाचं नाकावर बसेल, कुणाचं कानावर. मैनाला हे गाढवापेक्षाही आवडलं.

मैनाचा बाप यादव कापडाच्या लूमवर कामाला होता. त्यानं कारखान्यातून डाग पडलेलं कोरं कापड आणलं. चंद्रानं ते खिळ्यांनी भिंतीवर ताणून बसवलं आणि दुपारी जेवणं उरकली की कोळशानं चित्र काढू लागली. भरल्या गालांचा चेहरा, सरळ नाक, मधे भांग पाडलेले केस. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके दिले. ओठांना आळता लावला. संक्रांतीच्या पतंगांचा लाल कागद उरला होता, त्याच्या कुंकवासाठी गोल चांदक्या कापल्या. मागे लावायला पिठाची खळ करायची होती. हाताला काम लागलं होतं आणि तिला बरं वाटत होतं. पण एक गोष्ट मनात टोचत होती. शेवंता.

शेवंता समोरच्या खोलीत राहायची. दोघी एकाच गावच्या, लग्न होऊन आल्याही एकाच चाळीत. मैना झाली तेव्हा चंद्राला ताप चढला होता, दूध आटलं होतं. शेवंताचं स्वतःचं पोर नुकतंच गेलं होतं. तिनं मैनाला उचललं आणि छातीशी लावलं. चंद्रा बरी होईपर्यंत मैना तिच्याच दुधावर वाढली. गेल्या श्रावणात शेवंताचा नवरा कोंडू काविळीनं गेला. तेव्हापासून तिचं कपाळ रिकामं होतं. संक्रांतीला चंद्राकडे हळदीकुंकू झालं, चाळीतल्या झाडून सगळ्या बायका आल्या, त्या दिवशी शेवंताचं दार लावलेलं होतं. ते चंद्रानं पाहिलं होतं.

"पाच सवाशिणी ओवाळतील पोरीला," राहीबाई म्हणाली. "शेवंताला बोलवू नको असं मी म्हणत न्हाय. पण आधी नको."

ज्या बाईचं दूध पिऊन पोर जगली, तिनंच पहिल्यांदा ओवाळायला हवं, हे वाक्य चंद्राच्या तोंडाशी आलं होतं. तिनं ते गिळलं आणि चांदक्या कापत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर शेवंता लुगडं पिळत होती. चंद्रा बादली भरता भरता म्हणाली, "शेवंता, आज मैनाचा वाढदिवस हाय. ये हां. पण जरा उशिरानं ये. आधी पोरांचा नुसता गोंधळ असंल. खेळ सुरू झाला की ये."

"येते की," शेवंता म्हणाली.

संध्याकाळी खोली पोरांनी भरली. मैनाला पाटावर बसवलं. पाचजणींनी ओवाळलं, हातावर साखर दिली. मैना मान वळवून दाराकडे बघत होती.

"शेवंतामावशी कुठं हाय?"

"येईल. तू सरळ बस," चंद्रा म्हणाली.

मग खेळ सुरू झाला. पहिली आली शेजारच्या अन्सारींची शमीम. चंद्रानं तिचे डोळे बांधले, तिला गरागरा फिरवलं. शमीमनं हात पुढे करून चांदकी चिकटवली ती बाईच्या नाकावर. "अरे, नाक पे लगा दिया!" तिचा भाऊ ओरडला आणि पोरं हसून लोळली. त्यानंतर कुणी गालावर लावली, कुणी केसात. एकानं थेट भिंतीवर लावली. राहीबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती. चंद्राला वाटलं, जमलं बाई आपल्याला.

तेवढ्यात मागून एका पोरीनं विचारलं, "ह्या बाईला कुंकू का न्हाय? हिचा नवरा मेला का?"

"आरं, ही तर शेवंतामावशी हाय!" दुसरा म्हणाला. "हनुवटीवर बघ की, तीन ठिपके."

चंद्रानं कापडाकडे पाहिलं. ते गाल, ते नाक, तो भांग. तिनं गौर काढायला घेतली होती आणि काढली होती शेवंता. इतके दिवस समोर बसून काढलं, पण दिसलं ते आत्ता.

"शेवंतामावशीला कुंकू लावा!" पोरांनी गलका केला. "शेवंतामावशीला कुंकू लावा!"

"गप रं!" राहीबाई दाराकडे बघून ओरडली.

दारात शेवंता उभी होती. हातात भोपळ्याच्या घारग्यांचं ताट होतं. पोरांनाही काहीतरी कळलं. बाहेरची लूमची खटखट तेवढी ऐकू येऊ लागली.

शेवंतानं चित्राकडे नीट पाहिलं. मग आत येऊन ताट खाली ठेवलं, मैनाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "खेळा की गो. थांबलात का?" ती म्हणाली. "मी जाते. भात टाकलाय चुलीवर."

ती गेल्यावर चंद्रानं कापड ओढून काढलं. एक खिळा भिंतीतून निघून आला.

"आई, माझी पाळी आली न्हाय अजून!" मैना रडायला लागली.

चंद्रानं तिच्या पाठीत धपाटा घातला. वाढदिवसाच्या दिवशी, सगळ्या पोरांसमोर. मैना आ वासून बघतच राहिली. पोरं एकेक करून पायात चपला घालू लागली.

चंद्रा पदरानं तोंड पुसत समोरच्या खोलीत गेली. चुलीवर भात नव्हता. चूल पेटवलेलीही नव्हती. शेवंता भिंतीला टेकून बसली होती.

"मी मुद्दाम न्हाय केलं गो," चंद्रा म्हणाली. "तुझी शपथ. काढायला गेले एक आणि हाताला तुझंच तोंड आलं."

"म्हाईत हाय मला."

"लई मोठी चूक झाली माझी. खेळ करायला नको होता असला."

"खेळाचं काय एवढं!" शेवंता म्हणाली. "पोरांना काय कळतंय. आणि खरं सांगू, चित्र बघून मला जरा बरंच वाटलं. नाक चांगलं काढलंस माझं." मग तिनं चंद्राकडे पाहिलं. "पण सकाळी नळावर उशिरानं ये म्हणालीस, तवा माझ्याकडं बघितलंस का तू? बादलीकडं बघून बोललीस."

"सासूबाई म्हणाल्या—"

"त्यांचं नको सांगू. त्यांचा रिवाज हाय, त्या तोंडावर बोलतात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी येऊन सांगून गेल्या, उद्या तू येऊ नको म्हणून. मला राग न्हाय आला. तू का न्हाय बोललीस? 'शेवंता, त्या न्हाय म्हणतात, माझं काय चालत न्हाय,' एवढं म्हणाली असतीस तर दोघी मिळून रडलो असतो. तू मला गोंधळ असंल म्हणून सांगितलंस. मी काय परकी हाय, मला थाप मारायला?"

चंद्रानं चूक कबूल करायला म्हणून पाऊल टाकलं होतं, पण भलतीच चूक घेऊन आली होती. जी खरी होती ती तिला ठाऊक होती आणि तिनं ती घरीच झाकून ठेवली होती.

"चल आता," ती शेवटी म्हणाली. "आत्ता चल आणि ओवाळ तिला. मी बघते कोण काय बोलतं ते."

"तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून?"

गॅलरीतून मैनाचे हुंदके ऐकू येत होते. शेवंतानंही ते ऐकले.

"तिला इकडं घेऊन ये," ती म्हणाली. "तिचा वाढदिवस हाय. तिनं काय केलंय?"

चंद्रा घरी गेली, ताम्हन उचललं, निरांजनात तेल घातलं. राहीबाईनं विचारलं, "कुठं निघालीस?"

"शेवंताकडं. मैनाला ओवाळायची राहिली हाय ती."

राहीबाई काहीतरी बोलायला गेली, मग तिनं तोंड फिरवलं. सगळी गॅलरी बघत होती. चंद्रा एका हातात ताम्हन आणि दुसऱ्या हातानं मैनाला धरून पलीकडे गेली. हे आधीही करता आलं असतं, एवढंच तिच्या मनात येत होतं. इतकं सोपं होतं ते.

शेवंतानं मैनाला मांडीवर घेऊन तिचे डोळे पुसले, पाटावर बसवलं. ताम्हनातल्या करंड्यात बोट बुडवताना ती क्षणभर अडली. मग मैनाच्या कपाळाला नीट, मधोमध कुंकू लावलं, ओवाळलं, अक्षता टाकल्या. मैना तिच्या गळ्यात पडली. चंद्रा दाराशी उभी होती. शेवंतानं तिच्याकडे पाहिलं नाही.

पुढे दोघींचं बोलणं सुरू झालं. न होऊन कसं चालेल, समोरासमोरची दारं. शेवंता पुन्हा चहाला येऊ लागली, मैनाची वेणी घालू लागली, राहीबाईचे पाय चेपू लागली. फक्त आत येण्याआधी ती उंबऱ्याबाहेर थांबायची आणि विचारायची, "येऊ का गो?"

असं तिनं आधी कधीच विचारलं नव्हतं. चंद्रा दरवेळी हातातलं काम टाकून उठायची आणि तिच्या तोंडाकडे बघून म्हणायची, "ये की." पण शेवंतानं विचारायचं काही सोडलं नाही.