अक्रोडी आणि मी

मित्रांनो, दचकू नका. जिन्याखालच्या लोखंडी कपाटातून तुमच्याशी बोलते आहे ती मी, एक जुनी रायफल. कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली कुठे असते ते फक्त माझ्या मालकिणीला, वरदाला माहीत. तिच्या आईबाबांनाही नाही. हे असंच हवं, कारण मी खेळणं नाही. मला हात लावायचा तर परवाना लागतो, शिक्षण लागतं आणि अंगात पुष्कळ धीर लागतो. माझी गोष्ट ऐकायला मात्र यातलं काही लागत नाही. तेव्हा बसा निवांत.

दूरच्या एका बर्फाळ देशातल्या कारखान्यात मी जन्मले. कुण्या कारागिराने जीव ओतून मला घडवलं वगैरे काही नाही. यंत्रांनी पोलाद कापलं, नळीच्या आत पीळ कोरला आणि वरून काळ्या प्लॅस्टिकचा दस्ता चढवला. मागे एक दांडी बसवली, तिला बोल्ट म्हणतात. दर गोळीला तो हाताने उचलायचा, मागे ओढायचा, पुढे सारायचा, खाली दाबायचा. माझ्यासारख्या हजारो बहिणी त्याच पट्ट्यावरून पुढे सरकल्या. आम्हाला सगळे 'स्वस्तातली' म्हणत. मला तेव्हा वाटायचं, हे आमच्या घराण्याचं नावच आहे.

स्कॉटलंडमध्ये डोनल्ड नावाच्या माणसाने मला घेतलं. तो जंगलात काम करायचा, पावसात, चिखलात, बर्फात. मीही त्याच्या खांद्यावर. संध्याकाळी तो शेकोटीजवळ बसून जुन्या लोकरी मोज्याने मला कोरडं करायचा, तेलाचा हात फिरवायचा. बोलणं कमीच. दिवस नीट गेला तर एवढंच म्हणायचा, "चालेल ही." त्या डोंगरातल्या माणसाच्या तोंडून एवढं ऐकणं म्हणजे शाल आणि श्रीफळ मिळाल्यासारखंच हो!

पुढे डोनल्डचे गुडघे कुरकुरायला लागले. एके दिवशी त्याने मला पर्थशर भागातल्या एल्साच्या बंदुकांच्या दुकानात ठेवलं आणि मागे वळून न बघता निघून गेला. वळला असता तर रडला असता, असं मी आपलं मनाला समजावलं.

दुकानात माझ्या शेजारी कोण होती म्हणाल? अक्रोडी! तिचं खरं नाव लांबलचक होतं, पण मी तिला अक्रोडीच म्हणायचे. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर पाण्याच्या लहरींसारख्या रेषा, बोल्ट तर असा सुळकन फिरायचा की लोण्यात सुरी. गिऱ्हाईक आलं की आधी तिच्याकडे. मग एल्सा माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "आणि ही स्वस्तातली." गिऱ्हाईक "हं" म्हणायचं आणि परत अक्रोडीकडे वळायचं. माझ्या अंगावर धूळ बसली. नळीच्या टोकाशी गंजाचा एक ठिपका उगवला. अक्रोडीला एल्सा रोज पुसायची आणि ती एकदाही पावसात गेली नव्हती. मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

आणि मग एका सप्टेंबरात वरदा आली. वरदाचा जन्म एडिनबराचा. आई स्वाती, बाबा डॉक्टर पुरुषोत्तम, दोघंही तिथल्या हॉस्पिटलमधून रिटायर झालेले. मुलगी मात्र जंगलाचं शिकली. जवळच्या एका दरीत रोवन आणि बर्चची कोवळी रोपं लावली होती, आणि हरणं ती वाढूच देत नव्हती. या देशात आता लांडगे उरलेले नाहीत, मित्रांनो. मग हरणांची संख्या इतकी वाढते की झाडं खुरटतात आणि हिवाळ्याच्या शेवटी हरणंच उपाशी मरतात. म्हणून कुणाला तरी जपून, मोजकी हरणं कमी करावी लागतात. वरदा आजवर तिथली रायफल उसनी घेऊन शिकत होती. आता ती दरी तिला सांभाळायला मिळणार की नाही, हे हंगामातल्या तिच्या पहिल्या दिवसावर ठरणार होतं. रॉरी नावाचा मुख्य राखणदार सोबत असणार होता. आणि तिच्या परवान्यावर जागा होती एकाच रायफलीला. एक तर अक्रोडी, नाही तर मी.

"ही काळी कशी गं," आईने मला पाहून नाक मुरडलं. "छत्रीच्या दांड्यासारखी!"

"आई, लुक्स काय करायचेत? हरीण थोडंच बघणार आहे!"

"तेच म्हणतो मी," बाबा अक्रोडीसमोर हात मागे बांधून उभे होते. "आपल्या घराण्यात कुणी बंदूक धरली नाही. आता धरतेच आहेस, तर धड धर. मी देतो ही. प्रेझेंट समज."

"बाबा, आधी ट्राय तर करू दे ना मला."

दुकानामागे शेताच्या टोकाला मातीचा उंच बांध होता, त्यापुढे कागदी निशाण. एल्साने सगळ्यांच्या कानांवर आवाज अडवणारे जाड हेडफोन चढवले. वरदा आडवी पडली. आधी अक्रोडी, मग मी. एल्सा दोन्ही कागद घेऊन आली. बाबांनी चष्मा वर केला, खाली केला. दोन्हीकडची भोकं एकमेकांना तेवढीच चिकटून.

"असं कसं?" बाबा म्हणाले.

"कागदाला किंमत वाचता येत नाही," एल्सा हसली. "अक्रोडाची देखणी आहे, बोल्ट मऊ आहे, नातवंडांना ठेवायची वस्तू आहे. पण एवढ्या अंतरावर दोघीही खरं बोलतात."

तेवढ्यात पाऊस आला. वरदा म्हणाली, "आता हिलवर असल्यासारखी सरपटत येते. दोन्ही रिकाम्या करून."

अक्रोडीला घेऊन ती ओल्या गवतातून निघाली. आणि मी काय पाहिलं सांगू? ती अक्रोडीला वर उचलून धरत होती. ओरखडा नको, पाणी नको. एका दगडाशी तर तिने स्वतःचं जॅकेट काढून अक्रोडीखाली घातलं आणि स्वतः भिजत पडली. बिचारीचं डोकं गवताच्या वर, दूरच्या मेंढ्यासुद्धा टकामका बघायला लागल्या! मग मला घेऊन आली. मला तिने चिखलात सरळ रेटलं, दगडावर टेकवलं, आणि तिची नजर समोरच राहिली. माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्याकडे लक्ष न दिल्याचा मला आनंद झाला.

"हीच," वरदा उठत म्हणाली. हनुवटीला चिखल. "आणि बाबा, प्रेझेंट द्यायचंच असेल तर चांगली दुर्बीण द्या हिच्यावर बसवायला. मला नीट दिसलंच नाही, तर महागातली नळी घेऊन काय करू?"

बाबांचा चेहरा उतरला. "स्वस्त वस्तू नेमकी नको तेव्हा दगा देते, वरदा. पुढे तू तिथे एकटी असणार. धुकं, चिखल... आणि हातात हे!" दुर्बिणीचे पैसे देऊन ते गाडीत जाऊन बसले. बाबा रागावलेले नव्हते, घाबरलेले होते. हे फक्त आईला कळलं. ती हळूच म्हणाली, "जाऊ दे. बघते मी."

त्या वर्षी दसरा उशिरा आला, अगदी हरिणी टिपायचा हंगाम उघडायच्या तोंडावर. आदल्या दिवशीच्या खंडेनवमीला वरदा मला कुलूपबंद पेटीतून एडिनबराला घेऊन गेली, कारण आईचा फोनच आला होता, "घरातली सगळी हत्यारं पूजेला लागतात. तुझी छत्री पण आण."

मित्रांनो, मी असलं काही कधी पाहिलं नव्हतं. पाटावर लाल कापड, त्यावर आईची विळी, शिवणाची कात्री, बाबांचा स्टेथोस्कोप. एडिनबराच्या थंडीत झेंडू कुठला मिळायला, म्हणून सुपरमार्केटमधली पिवळी शेवंती. वरदाने माझा बोल्ट काढून स्वतःच्या खिशात ठेवला आणि मला कडेला आडवं केलं. बाबा तोंड फिरवून उदबत्ती पेटवत होते. काडी विझली. दुसरीही विझली.

"बाबा," वरदा म्हणाली, "रिटायरमेंटला मिळालेला तो चकचकीत स्टेथोस्कोप कुठाय?"

"कपाटात. का?"

"तो का नाही ठेवलात पूजेला? हा तर किती जुना आहे. नळीला टेप लावलाय तुम्ही."

"अगं, तो नुसता शोभेचा! काम ह्याने केलंय. ह्याच्यातून मी किती लोकांचे..." बाबा थांबले. त्यांनी स्टेथोस्कोपकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मुलीकडे. आई विळीला कुंकू लावण्यात अगदी गुंग झाल्याचं दाखवत होती.

"वकील व्हायला हवी होतीस," बाबा पुटपुटले. आणि मग त्यांनी स्वतः हळदकुंकवाची वाटी उचलली, माझ्या दस्त्याला बोट टेकवलं, मूठभर अक्षता वाहिल्या आणि भक्तीच्या भरात नव्या दुर्बिणीचं झाकण उघडून काचेवरही ठसठशीत कुंकू लावलं!

"बाबाऽऽ! काचेला नाही!"

आई तर हसून पाटावरच पडायची बाकी होती. "अहो, हरणाला कुंकू लावून पाठवणार आहात का?"

बाबा ओशाळले. पण दुसऱ्याच क्षणी त्यांच्यातला डॉक्टर जागा झाला. आधी त्यांनी मऊ ब्रशने कण झटकले, मग काचेवर हलकी वाफ सोडली, मग स्वच्छ कापडाने मधून कडेकडे गोल गोल पुसलं. कितीतरी वर्षं उपकरणं जपलेले हात ते! डोनल्डच्या मोज्यानंतर मला इतक्या मायेने कुणी हात लावला नव्हता. नळीच्या टोकाचा गंजही त्यांना दिसला. "तेल आहे का गं?" एवढंच विचारलं त्यांनी.

हंगामाच्या पहिल्या सकाळी वरदाने माझ्या नळीतून आरपार पाहिलं, सगळं साफ असल्याची खात्री केली, आणि आम्ही दरीत शिरलो. रॉरी मागे. ओल्या हेदरच्या झुडपांतून खूप वेळ सरपटल्यावर वर, डोंगराच्या धारेवर, एक म्हातारी हरिणी दिसली. दुबळी, एकटी. मागे फक्त आकाश.

वरदाने सेफ्टी, म्हणजे गोळी अडवून धरणारा माझा खटका, उघडली नाही. वारा सुटला, पाऊस तिरका झाला, वरदाची बोटं गारठून ताठरली. हरिणी आता निघून गेली असती तर दिवस फुकट, आणि कदाचित दरीही. तरी ती थांबली. आकाशाकडे सुटलेली गोळी कुठे जाऊन पडेल ते कुणाला ठाऊक नसतं, मित्रांनो. माझ्यासारखीची सगळ्यात मोठी लायकी न सुटण्यात असते.

तेव्हा तिला माझ्या अंगावर काहीतरी दिसलं. दुर्बिणीच्या कडीच्या खाचेत अडकलेला तांदळाचा दाणा, कुंकवाने लाल झालेला. तिला हसू आलं. श्वास खाली बसला, बोटं सैल झाली. तिने तो दाणा नखाने अलगद काढला आणि गवतात ठेवला.

हरिणी चरत चरत खाली उतरली. आता तिच्यामागे मातीचा उतार होता. ठो! एकच आवाज. हरिणीला काही कळलंसुद्धा नाही. वरदा जवळ गेली, तिच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ गुडघ्यावर बसून राहिली. रॉरीने टोपी काढली. परतताना त्याने माझ्या चिखलाने भरलेल्या दस्त्यावर थाप मारली आणि वरदाकडे बघत म्हणाला, "चालेल ही."

आमच्या दोघींपैकी कुणाला म्हणाला, ते मी अजून ठरवलेलं नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. दरीतला रोवन वरदाच्या डोक्यावर गेला आहे, शरदात लाल घोसांनी वाकतो. गेल्या महिन्यात ती बाबांना घेऊन एल्साकडे तेल आणायला गेली होती, मी गाडीतल्या पेटीत. परतताना आईला फोनवर सांगत होती, "एल्साने विचारलं, आता नवीन अक्रोडाची दाखवू का? तर बाबा मला बोलूच देईनात. म्हणाले, 'नको. आमच्याकडे आहे.'" अक्रोडीही बरी आहे म्हणे. एका म्हाताऱ्या बाईने तिला नेलं आणि ती बाई तिला चक्क पावसात नेते. मला फार बरं वाटलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी कामाची वस्तू असेल, सायकल, कात्री, चाळणी. ती कितीला आणली ते विसरा. वापरा, आणि वापरून झाली की पुसून जागेवर ठेवा. बाकी आमचं काही मागणं नसतं.

आता दार वाजलं. वरदा भिजून आली आहे आणि नेहमीप्रमाणे फोन स्पीकरवर, पलीकडे बाबा. आज मी कपाटात कोरडीच होते, पण ते त्यांना कुठे ठाऊक!

"आलीस? पुसलीस का तिला?"

"बाबा! आधी मला तर विचारा, भिजलीस का!"

"तू काय, टॉवेल घेशील. तिला कोण देणार? आधी तिला पूस, मग चहा."