पुढची जागा

बाबा गेल्यावर त्यांचे धावण्याचे सोबती भेटायला आले. निघताना शिंपीकाका दारात थांबले. "रविवारी त्याच्यासाठी तलावाला फेरी मारतोय. तू येशील त्याच्या जागी?"

मी हो म्हटलं. धावणं कॉलेजनंतर सुटलं होतं, सायकल मात्र कधीच नाही. पन्नाशी उलटल्यावरही चढाला दम लागत नाही. बाबा चिडवायचे, "अगं, तुझं ओझं चाकं वाहतात. पायांना विचार कधीतरी."

रविवारी उजाडताना फाटकाशी तिघे उभे होते: शिंपीकाका, जाड भिंगांचा चष्मा लावणारे एक गृहस्थ आणि निवृत्त झालेल्या सिस्टर. सगळे सत्तरीपलीकडचे. काकांनी मला पुढे उभं केलं. "ही त्याची जागा."

मला ठाऊक होतं. त्यांच्या धावण्याच्या प्रत्येक फोटोत बाबा पुढेच असत. त्यातला एक ऑफिसात भिंतीवर लावला होता; तो दाखवून मी सांगायची, या वयातही कुणाला पुढे जाऊ देत नाहीत. बाबांसमोरही एकदा सांगितलं होतं. ते हसले होते आणि विषय बदलला होता.

ती जागा राखायची होती. मी सुटले. श्वास अगदी ताब्यात होता. मागून हाका आल्या, "अगं, हळू!" मला ते कौतुकच वाटलं, मी न वळता हात हलवला. पंपाच्या खोलीपाशी वळताना डाव्या पोटरीत काहीतरी सटकन आखडलं आणि मी मातीत बसले.

बऱ्याच वेळानं ते पोचले.

"बस चुकत होती काय?" चष्मेवाले धापा टाकत म्हणाले.

सिस्टरनी पोटरी दाबून पाहिली. "सायकलवाली ना? छाती तयार, पाय कच्चे. फाटलेली नाही, पण आता पळायचं नाव काढू नकोस."

"बाबांची जागा होती," मी म्हटलं. "मागे पडले असते तर बरं दिसलं नसतं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शिंपीकाका हळूच बाजूला टेकले. "पोरी, आमच्यात जो सगळ्यात हळू, तो पुढे. बाकीचे त्याच्या चालीनं. म्हणजे कुणी मागे राहत नाही. माझा गुडघा गेला तेव्हा त्यानंच हे ठरवलं. नंतर त्याचीच पाळी आली."

"त्यांच्या मनाला लागलं असेल."

"लागलं ना. आठवडाभर आमच्याशी बोलला नाही. मग रमतगमत न्यायला लागला सगळ्यांना, पक्षी दाखवत."

माझे कान तापले. ऑफिसातल्या भिंतीवर तो फोटो अजून होता.

मी काठाच्या कठड्याला धरून उठले. "तुम्ही व्हा पुढे. मी येते हळूहळू."

कुणी हललं नाही.

शेवटी मीच लंगडत निघाले, मान खाली घालून. वाट चांगली रुंद होती. कुणीही सहज पुढे गेलं असतं. मागे तिघांचे बूट माझ्या चालीनं वाजत राहिले. फाटकापर्यंत मला वळून बघवलं नाही.