दोन्ही बाजूंचा क

सरांच्या दिवाणखान्यात शिरताच तिने पिशवीतून लेख काढला आणि सतरावं पान उघडून टेबलावर ठेवलं. सर तिचे मार्गदर्शक. लेखही त्यांचाच, वीस वर्षांपूर्वीचा. गणितातल्या गटांचा एक जुना सिद्धांत अर्धगटांनाही लागू पडतो, असं त्यात सिद्ध केलं होतं आणि तिचा अख्खा प्रबंध त्याच पायावर उभा होता. तो द्यायला आठ दिवस उरले होते.

"सर, इथे समीकरणाच्या दोन्ही बाजूंचा क खोडलाय," ती म्हणाली.

गटात तसा खोडता येतो, कारण प्रत्येक घटकाचं केलेलं पुसून टाकणारा त्याचा व्यस्त तिथे असतोच. अर्धगटात ती हमी नाही. सरांनी काही विचारण्याआधीच तिने दुसरा कागद पुढे केला. तीनच घटकांचा गुणाकाराचा तक्ता, पण त्यात सरांचं प्रमेय सपशेल खोटं ठरत होतं. आठवडाभर तिने त्यात स्वतःची चूक शोधली होती. सापडली असती तर तिचा जीव भांड्यात पडला असता.

सर एकेका रकान्यावर बोट ठेवत गेले. सरांच्या पत्नी पाणी ठेवून गेल्या, तरी तिने पेल्याला हात लावला नाही. प्रबंधही गेला आणि सरही दुरावले, असंच ती धरून चालली होती.

"बरोबर आहे तुझं," सर म्हणाले.

मग ते बाकीच्यांबद्दल बोलू लागले. याच लेखाच्या आधारावर आणखी चौघांनी प्रबंध लिहिले होते. त्यांना आजच कळवायला हवं, म्हणत त्यांनी सर्वांत जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो आता विभागप्रमुख होता. आडपडदा न ठेवता सरांनी आपली चूक सांगितली. पलीकडचं ऐकून त्यांनी फक्त "कधीपासून?" असं विचारलं.

फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"अकरा वर्षांपासून माहीत होतं त्याला. सांगायची छाती झाली नाही म्हणे." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "माझी एवढी भीती वाटते का गं?"

नाही सर, असं म्हणायला तिने मान वर केली. सर खरंच उत्तराची वाट पाहत होते.

"वाटते," ती म्हणाली.

सरांनी मान डोलावली, चष्मा पुन्हा चढवला आणि ते दुसऱ्या विद्यार्थ्याचा नंबर शोधू लागले.