मागून ओरडणारा म्हातारा

होसिया टॉलिव्हरने खिशातला हातरुमाल काढला आणि मोटरसायकलच्या टाकीवर पडलेली शेंगांची टरफलं एकेक करून उचलली. उकडलेल्या शेंगांचं खारट पाणी लाल रंगावरून ओघळत सीटपर्यंत गेलं होतं. त्याने ते एकदा पुसलं, रुमालाची घडी उलटी करून पुन्हा पुसलं, आणि मग त्या ओल्या, वास मारणाऱ्या रुमालाचं काय करायचं ते न कळून तो दोन बोटांत लांब धरून उभा राहिला.

"काका, लिंबू चावल्यासारखं तोंड का केलंय?" शेडमधला मेकॅनिक पोरगा मार्क्वेल म्हणाला. त्याचा एक गाल शेंगांनी फुगलेला होता. "अजून ऐकलंच कुठंय तुम्ही?"

"गाडी माझी आहे. उष्टी करू नकोस."

मार्क्वेलने हसत बटण दाबलं. सीटमागच्या सामानाच्या दोन्ही पेट्यांच्या झाकणांना भोकं पाडून त्याने ताटलीएवढे स्पीकर बसवले होते, आणखी दोन पुढच्या काचेखाली. त्या चारही तोंडांतून एक बाई एकदम किंचाळायला लागली. शेडचे पत्रे थरथरले. होसियाची कवळी हिरडीवर नाचली. कापलेल्या झाकणांचा बारीक भुगा अजून हवेत होता, तो त्याच्या घशाला चिकटला.

"ही बाई नेमकं काय मागतेय?"

"ते आता या वयात कळून काय उपयोग, काका?"

"बंद कर."

"एवढ्यात? अहो, वेग वाढला की आवाज आपोआप चढतो. थांबलात की खाली येतो. हायवेवर बघा कसा—"

"बंद कर म्हटलं ना."

होसियाला या प्रकाराचा पहिल्यापासून तिटकारा होता. मोटरसायकलवरून लांब लांब हिंडणाऱ्या निवृत्त माणसांची त्यांची एक टोळी होती, 'राखाडी खेचरं' नावाची. त्यातल्या निम्म्यांनी असले कर्णे बसवून घेतले होते. पेट्रोल पंपावर सगळे थांबले की सात गाणी एकमेकांच्या उरावर बसत. अशा वेळी होसिया आपला गोड चहा घेऊन लांब जाऊन बसे, कचऱ्याच्या डब्याशेजारी बसावं लागलं तरी. देवाने माणसाला शांतता दिली आहे ती काय अशी तुडवायला, असं तो बायकोला म्हणे. आणि आज त्याने स्वतःच ते लचांड गळ्यात घेतलं होतं. एका माणसासाठी.

पास्टर डँड्रिज प्रवचनाला उभे राहत तेव्हा सुरुवात अगदी साधी असे. कुंपणावर टेकून शेजाऱ्याशी गाईगुरांबद्दल बोलावं तसं. मग एखादं वाक्य जरासं लांबे. दुसरं त्याला जाऊन टेके. बोलणं कुठं संपलं आणि गाणं कुठं लागलं ते कुणालाच सांगता येत नसे. दर वाक्यानंतर ते श्वास घेत, आणि त्या श्वासाच्या जागेत सगळं चर्च उत्तर देई. पहिल्या बाकाच्या कोपऱ्यातला पहिला आवाज होसियाचा असे. चर्चचा डीकन, म्हणजे पास्टरांचा मदतनीस, म्हणून तो मानही त्याचा आणि कामही त्याचंच.

मग पास्टरांच्या घशाचं ऑपरेशन झालं. कर्करोग गेला, सूरही गेला. उरली ती घोगरी कुजबुज. तेव्हापासून पास्टर घराबाहेर पडले नव्हते. नवा पास्टर भिंतीवर चित्रं दाखवून मोजून वीस मिनिटं बोलायचा. होसिया पहिल्या बाकावर बसून आपल्या बुटांकडे बघायचा.

दर वसंतात एका शनिवारी चर्चच्या अंगणात मोटरसायकलींना आशीर्वाद देत. ती रीत पास्टरांनीच सुरू केलेली. आज तो शनिवार होता, आणि पुष्कळ विनवण्या करून होसियाने त्यांना मागच्या सीटवर बसायला राजी केलं होतं. अंगणात शिरताना त्यांचाच जुना आवाज लावायचा आणि मग माणसांनी काय ते समजून घ्यायचं, असं त्याच्या मनात होतं. चर्चच्या कपाटातली एक कॅसेट त्याने त्यासाठी मार्क्वेलला आणून दिली होती.

"आता तुमचं ते लावतो," मार्क्वेल म्हणाला. "काका, लय घाण होती त्या टेपमध्ये. टाळ्या काय, खोकले काय, एक पोर रडतंय, बाजाची पेटी मध्येच भोकाड पसरतेय. सगळं कॉम्प्युटरवर धुऊन काढलं. आणि वर एक म्हातारा! दर वाक्याला मागून ओरडतोय, 'सांगा, सांगा!' त्या माणसाला घरी कुणी बोलू देत नसावं. त्याला उपटायला माझा अख्खा दिवस गेला."

होसियाने रुमाल खिशात कोंबला.

"काय झालं?"

"काही नाही. लाव."

पास्टरांचा आवाज आला. स्वच्छ. एक वाक्य, मग काहीच नाही. दुसरं वाक्य, मग काहीच नाही. पिसं काढून, सोलून, ओट्यावर ठेवलेल्या कोंबडीसारखा तो आवाज होता. रिकाम्या गोदामात एक वेडा माणूस एकटाच ओरडतोय आणि मध्ये मध्ये थांबून भिंतींकडे बघतोय, असं होसियाला वाटलं.

"कसं, काचेसारखं झालं की नाही?"

"मूळचं आहे तुझ्याकडे?"

"घरी आहे. सोमवारी देतो. का, आवडलं नाही?"

होसियाने हेल्मेट उचललं. आज हे लावायचंच नाही, असं त्याने दारातून बाहेर पडण्याआधीच ठरवून टाकलं.

पास्टर डँड्रिज ओसरीवर तयार होऊन बसले होते. गळ्याला रेशमी रुमाल, पायात चकचकीत बूट. ते पायऱ्या उतरून गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि झाकणापाशी थांबले.

"ही काय चाळण करून ठेवलीस?" त्यांची कुजबुज दगडावर दगड घासल्यासारखी होती. "पीठ चाळायचं आहे का, डीकन?"

"स्पीकर आहेत, पास्टर."

"तू? आणि स्पीकर?" ते हसले, मग खोकले, मग खिशातल्या रुमालात थुंकून त्यांनी तो न बघता मिटला. स्वतःच्या घशाची त्यांना वाटणारी किळस त्यांच्या चेहऱ्यावरून सरकून गेली. "ऐक. मी येतोय, पण चर्चपर्यंत येईनच असं नाही. ते सगळे माझ्याकडे बघतील, आजारी कुत्र्याकडे बघतात तसे. मला ते सोसवत नाही. नको वाटलं तर तुझ्या खांद्यावर थाप मारीन. मुकाट्याने गाडी वळवायची. आग्रह नाही."

"आग्रह नाही," होसिया म्हणाला.

गाडी गावाबाहेरच्या रस्त्याला लागली. पाइनच्या झाडांमधून ऊन येत-जात होतं. मग मागून एक हात पुढे आला आणि त्याने स्पीकरच्या बटणाकडे बोट केलं. होसियाने मान हलवली. बोट हललं नाही. पास्टरांना तो आजवर कधी नाही म्हणाला नव्हता. त्याने बटण दाबलं.

बायबलमधल्या, घर सोडून वाया गेलेल्या मुलाचं आख्यान होतं. मुलगा डुकरांच्या खातेऱ्यात गुडघाभर उभा होता आणि त्यांचाच उकिरडा चिवडत होता. वेग वाढत गेला तसा आवाज चढत गेला. प्रत्येक वाक्यानंतर ती पोकळी यायची आणि तिच्यात नुसतं इंजिन घुरघुरायचं. आपण या माणसाला त्याच्याच आवाजाचं मढं धुऊन-पुसून दाखवतोय, असं होसियाला वाटत होतं. मागे वळून बघता येत नव्हतं, ते बरंच होतं.

चर्चच्या अलीकडच्या चौकात दिवा तांबडा झाला. पलीकडे चर्चची पिकानची झाडं दिसत होती, त्यांच्याखाली चमकणाऱ्या मोटरसायकली आणि माणसं. गाडी थांबली. आवाज आपोआप खाली आला.

'आणि बाप दारात उभा होता,' पास्टरांचा तरुण आवाज म्हणाला, आणि थांबला.

होसियाच्या खांद्यावर थाप पडली.

त्याने डोळे मिटले. आग्रह नाही. त्याने डावीकडे वळायचा दिवा लावला; तो टकटक करायला लागला. मग हे सोललेलं कोंबडं आता तरी बंद करावं म्हणून त्याने अंगठा बटणाकडे नेला.

'रोज उभा होता.'

पुन्हा थाप. त्याच जागी, जरा जोरात.

कळलं की, पास्टर, वळवतोच आहे, असं म्हणायला होसियाने आरशात बघितलं. पास्टर रस्त्याकडे बघत नव्हते. अंगणातल्या माणसांकडेही नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि हनुवटी वर होती.

'धूळ उडाली की कपाळावर हात धरून बघत होता.'

थाप.

होसियाचा अंगठा तसाच हवेत राहिला. ज्या जागेवरून मार्क्वेलने अख्खा दिवस खपून कुणाला तरी उपटून काढलं होतं, नेमकी तीच ती जागा. एक थाप इकडे नव्हती की तिकडे.

त्याने वळायचा दिवा बंद केला. हेल्मेटची काच वर केली.

"सांगा," तो म्हणाला. घशात कफ अडकल्यासारखं आलं. त्याने घसा खाकरला. "सांगा, पास्टर! सांगा!"

शेजारच्या गाडीतल्या बाईने नाक मुरडून काच वर घेतली. खांद्यावरचा हात आता उचललाच जात नव्हता. दिवा हिरवा झाला तो दोघांपैकी कुणीच बघितला नाही. पास्टरांच्या आवाजाने पुढचं वाक्य संपवून श्वास घेतला, आणि मागच्या गाडीवाल्याने वैतागून हॉर्न मारला. तोही बरोबर जागेवर पडला.