डोक्याचा निरोप

मी एक म्हातारी फळमाशी आहे. जन्मून पुरता दीड महिनाही झाला नाही, पण आमच्यात यालाच म्हातारपण म्हणतात. हसू नका मित्रांनो, पंखांच्या कडा पार झिजल्यात माझ्या.

माझं सारं आयुष्य प्रयोगशाळेतल्या एका काचेच्या नळीत गेलं. तळाशी मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, तोंडाला कापसाचा बोळा. खाण्यापिण्याची ददात नव्हती. नवराही बरा मिळाला. एक पंख थरथरवून, गाणं म्हणून त्याने मला पटवलं. मी ढीगभर अंडी घातली, पण एकातूनही बाळ बाहेर आलं नाही. शेजारच्या नळीत अळ्यांची नुसती झुंबड, आणि माझ्याकडे शुकशुकाट. फार जिव्हारी लागायचं ते.

आम्हाला सांभाळायला एक संशोधक बाई होती. तिने माझी अंडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. आतल्या जिवांना मागेही शेपूट, पुढेही शेपूट. डोक्याचा पत्ताच नाही.

"वांझ दिसतेय. टाकून दे स्पिरिटमध्ये," तिच्या मॅडम म्हणाल्या.

"वांझ कशी, मॅडम? अंडी घालतेय की," बाई म्हणाली. "डोकं कुठे करायचं, तो निरोप आई अंड्याच्या पुढच्या टोकाला ठेवते. तो निरोप लिहिणाऱ्या जनुकाच्या हिच्याकडच्या दोन्ही प्रती बिघडल्यात. हिच्या आईकडे एक प्रत चांगली होती, म्हणून हिला डोकं आलं."

तेव्हा मला उलगडा झाला. आईने मला डोकं दिलं, आणि मला माझ्या लेकरांना ते देता येत नव्हतं. दोष त्यांच्या बापाचाही नव्हता. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, मित्रांनो.

बाईने चांगल्या जनुकावरून तोच निरोप प्रयोगशाळेत तयार केला आणि केसाहून बारीक सुई घेऊन माझ्या अंड्यांत टोचायला बसली. पहिल्या खेपेला सुई घसरली. निरोप अंड्याच्या मधोमध पडला. दुसऱ्या दिवशी तिने भिंगाला डोळा लावला.

"मॅडम, डोकं आलंय."

"अगं, पण पोटात आलंय."

दोघी हसल्या. निरोप पडेल तिथे डोकं, हे कळलं म्हणून त्यांना केवढा आनंद. मला मात्र हसावं की रडावं कळेना. ते लेकरू काही जगणार नव्हतं.

मग बाईने कोपर टेबलावर टेकवलं, श्वास रोखला आणि नेमकं पुढचं टोक गाठलं. तरी कितीतरी अंडी वाया गेली. एकातून मात्र बाळ बाहेर आलं.

"आता तरी ही माशी टाकायची ना?" मॅडमनी विचारलं. "हिचं काम झालं."

"राहू द्या, मॅडम. बाळ हिच्याच नळीत सोडते."

मित्रांनो, कुणाच्या पोटी वेगळं मूल आलं, तर त्या आईच्या पापपुण्याचा हिशेब मांडू नका. मुद्दाम काही केलेलं नसतं हो तिने. काही करता आलं तर करा. नाहीच जमलं, तर निदान तिला टाकून देऊ नका.

बाळ आत आलं. पांढरी, एवढीशी अळी. माझ्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही. सरळ लापशीत तोंड खुपसलं आणि खात सुटली.

खाऊ दे. तोंड आहे तिला.