साठांतले सोळा

मित्रांनो, मी एक जुना तारेचा फास आहे. आधी मी मोटारसायकलचा क्लच ओढत होतो. माझा एक पदर तुटला, म्हणून गॅरेजमध्ये मला बाजूला टाकले. तिथल्या मेकॅनिकने मला घरी नेले आणि माझ्या टोकाला सरकती गाठ मारली.

त्याच्या घरात शिकार पोटापुरती होत असे. त्याचा थोरला भाऊ वेलींचे फास लावायचा. एका सकाळी फिरून पाहता येतील एवढेच. हरिणींना पिल्ले होण्याचे दिवस आले की घरातले कोणी जंगलात पाऊल टाकत नसे. लावलेले फास तसेच राहायचे. पावसात वेल कुजायची आणि वाट मोकळी व्हायची.

"तुझ्या वेलीचा झोपाळा कर, दादा," धाकटा म्हणायचा. "हरीण काही थांबायचं नाही."

मी थांबवले. पहिल्याच आठवड्यात दोन. घरभर माझे कौतुक झाले आणि धाकट्याने मला धरून तारेचे साठ फास लावले. मग पिल्लांचे दिवस आले. तो रीतीप्रमाणे घरी बसला. कुजतील आपोआप, असे धरून चालला. तार कुजत नाही, हे मेकॅनिकला सुचू नये?

मी एक गाभण हरिणी धरली. तीन दिवस ती ओढत राहिली. ती ओढायची तसा मी आवळायचो. तिचे मांस कोणाच्याच ताटात पडले नाही. याला शिकार म्हणू नका.

थोरल्याने मला तिच्या हाडावरून सोडवले. बाकीचे कुठे आहेत, असे त्याने भावाला विचारले. भावाला आठवत नव्हते. मग दोन वर्षे थोरला एकटाच शोधत फिरला आणि शेवटी तापाने गेला.

धाकटा भेटायला आला तेव्हा दादा कसा देवमाणूस होता, तेच सांगत राहिला. थोरल्याच्या मुलीने सगळे ऐकून घेतले. मग मला आणून टेबलावर ठेवले.

"काका, यात बोट घाला आणि ओढा."

"अगं, जुना आहे. गंजलाय."

"मग घाला ना."

त्याने बोट घातले नाही.

"बाबांना चव्वेचाळीस सापडले," ती म्हणाली. "उरलेले तुमचे."

मग उठून त्याने बूट चढवले.

मित्रांनो, माझे सोळा भाऊ अजून वाटांवर उघडे आहेत आणि पिल्लांचे दिवस जवळ आले आहेत. पोटासाठी मारणाऱ्यावर माझा राग नाही. लावून विसरणाऱ्यावर आहे. तुम्ही लावलेले तुम्हीच काढून आणा. आम्हाला थांबता येत नाही.