हवा स्वच्छ आहे का?

मशीन तिसऱ्यांदा किंचाळलं तेव्हा नाकमामांनी ते ओट्यावर ठेवलं आणि मान वर करून एक लांब श्वास घेतला. आम्ही सगळ्या जणी हातातली कामं टाकून त्यांच्या नाकाकडे बघत राहिलो. रुग्णालयाच्या या स्वयंपाकघरात तीस वर्षं हेच चालत आलं होतं. मामा आमचे गॅसफिटर. त्यांचं खरं नाव हजेरीपटातच राहिलं. दारात उभं राहून त्यांनी कोठीतली गळती हुंगून काढलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

“काही नाही,” मामा म्हणाले. “याचं डोकं फिरलंय.”

गळती ओळखणारं ते मुठीएवढं मशीन तीन दिवसांपूर्वी आलं होतं. मामा ते रोज शेगड्यांजवळच सुरू करायचे आणि ते शून्य दाखवून गप्प बसायचं. मामा त्यावर खूश होते, पोरगं गुणाचं आहे म्हणायचे. आज मात्र रखवालदाराने ते फाटकापाशीच सुरू करून आत आणून दिलं आणि मशीनने गळा काढला. मामांनी दोनदा बटण दाबून त्याला गप्प केलं, तरी ते पुन्हा ओरडलं. मुख्य स्वयंपाकीण मी, म्हणून शेगड्या पेटवू दिल्या नाहीत. वर दोनशे रुग्ण उपाशी होते.

मामांनी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. साठापासून आकडे उलटे उतरत गेले. मग पडद्यावर प्रश्न आला: हवा स्वच्छ आहे का?

मामांचा अंगठा ‘होय’वर जाऊन तसाच थांबला.

“हे रोज विचारतं?” मी म्हटलं.

“रोज. मी होय म्हणतो. मग असेल त्या हवेला ते शून्य धरतं.” शेवटचे शब्द त्यांनी फार हळू उच्चारले.

ते उठले आणि मशीन घेऊन थेट फाटकाबाहेर गेले. मी मागोमाग. तिथल्या मोकळ्या हवेत त्यांनी ‘होय’ दाबलं. परतताना व्हरांड्यात शून्य होतं, दारातही शून्य. मोठ्या शेगडीपाशी मामा खाली वाकले तसे आकडे चढू लागले. चार. सात. अकरा. पुन्हा तोच आवाज. त्या एवढ्याशा डबीला आमच्यापैकी कुणाचीच भीड नव्हती.

खिडक्या उघडल्या. मामांनी नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं आणि तिथे एक बुडबुडा सावकाश फुगत गेला. त्यांनी मुख्य व्हॉल्व्ह बंद केला.

“ताई, तुम्हाला वास येत होता?”

खोटं बोलावंसं वाटलं, पण जीभ रेटेना. “परवापासून येतोय, मामा.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही नाही म्हणालात ना.”

बाकीच्या जणी माना खाली घालून उभ्या होत्या. मामांनी जमिनीवर बसूनच मशीन हातात घेतलं.

“मशीन माझ्या शब्दावर शून्य धरत होतं,” ते म्हणाले, “आणि तुम्हीसुद्धा.”

मग ते वर गेले आणि मेट्रनना स्वतःच्या तोंडाने सांगून आले की आपल्याला मागच्या तापापासून वास कळत नाही, आज खात्री झाली. मी या इमारतीत मोठमोठे डॉक्टर पाहिलेत, पण त्या दिवशी मामांना जिना उतरताना पाहून आपसूक उभी राहिले.

जोड त्याच दिवशी बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा फाटकापाशी मशीन सुरू करून स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. मशीन शून्य दाखवत होतं, तरी ते कुणाला कामाला लागू देईनात. भांडी घासणाऱ्या मावशी आल्या. मामांसमोर त्या कधी तोंड उघडत नसत. मामांनी त्यांना आधी आत पाठवलं. त्या शेगडीपाशी वाकल्या, कोपरान् कोपरा हुंगून आल्या.

“काही नाही, मामा.”

“नक्की?”

मावशी वळल्या. पुन्हा आत गेल्या. मामा बाजूला सरून त्यांची वाट बघत राहिले.